गाडी लेकाच्या नावावर

डब्याचं झाकण फरशीवर टण्णकन पडलं आणि परभणीच्या आरटीओसमोरच्या एजंटच्या दुकानात बसलेली माणसं दचकली. सृष्टीनं झाकण उचलून शेजारच्या म्हातारीला दिलं आणि आपल्या लेकीला मांडीवर घेतलं. म्हातारीचा नवरा एजंटशी बोलत होता.

“फी, विमा, माझी मेहनत, सगळं धरून साडेआठ हजार, लिंबाजीकाका. मग गाडी तुमच्या मुलाच्या नावावर.”

“घ्या. शिवशंकर ऐतवारी येऊन पुन्याला घेऊन जानार हाय.”

“अवो, हे पैसे तरी त्याला मागा की.”

“लेकराला द्यायचं आन् वर पैसे मागायचे व्हय गं?”

“बरं, ऱ्हाऊ द्या. पर डायलिसिसला कशानं यायचं पोखर्णीहून? आता शेजारचा रामहरी ह्याच गाडीत घालून आनतो म्हनून निभायलंय.”

“जीपा हायेत की.”

“परतताना तुमची मान धरवत न्हाई. त्या दाटीत बसताल?”

“तुझ्या खांद्यावर टेकतो. हसनाऱ्याला हसू दे.”

म्हातारी हसली नाही. लिंबाजीकाका एजंटकडे वळले.

“साहेब, एक इचारू का? कागदावर लिहिता येतंय का, मंगळवारी आन् शुक्रवारी गाडी इकडं ऱ्हाईल म्हनून?”

“नाही हो काका. एकदा नाव बदललं की गाडी त्याची.”

“बरं. सही कुठं करू?”

लिंबाजीकाका सही करू लागले, तशी लेक सृष्टीच्या कानाशी लागली.

“आई, ते आजोबा त्यांच्या मुलालाच का नाही विचारत?”