'गेला' म्हणजे काय

—नाही, त्या खुर्चीवर नको ताई, तिचा पाय मोडलाय, परवाच एक आजोबा सपशेल आडवे झाले. इकडे बसा, खिडकीशी. आणि कागद असा मुठीत आवळून कशाला धरलात, ठेवा टेबलावर. ठाऊक आहे मला तो. वकीलसाहेबांनी सकाळीच सांगितलं—दुभाषी बाईंच्या सहीनं दोन ओळी हव्यात, आज पाचच्या आत अपील गेलं नाही तर तुम्हाला माघारी धाडणार. पाचला वेळ आहे हो अजून. आता कुठे तीन वाजतायत. पाणी घेता?

चूक कुठे झाली म्हणता? त्या खोलीत होतं कोण—तुम्ही, तो चष्मेवाला अधिकारी आणि मी. त्यानं विचारलं, नवरा कुठाय. तुम्ही म्हणालात, गेला. बरोबरच म्हणालात! आपल्या माणसाला 'मेला' म्हणतं का कुणी? 'मेला' आपण नळाला म्हणतो, पाणी येत नाही तेव्हा. माणूस आपला 'गेला'. आणि मी त्याच्या भाषेत काय सांगितलं—निघून गेला. त्यानं विचारलं, कुठे? मी तुम्हाला विचारलं, कुठे? तुम्ही म्हणालात, पुलावर. मी म्हटलं, पुलावर. त्यानं लिहून टाकलं—पती पुलाकडे निघून गेला, सध्या कुठे आहे माहीत नाही. आणि इथल्या आसऱ्याच्या अर्जात तुम्ही लिहिलेलं, विधवा. म्हणजे तुम्ही खोटारड्या. झालं, नामंजूर.

बघताय कशा, जणू विचारताय—बाई, तुम्हाला तेव्हा कळलं नाही का? कळलं हो. 'पुलावर' म्हणताना तुमचा आवाज असा फाटला, बहिऱ्यालासुद्धा कळलं असतं. पण तोवर त्यानं पान उलटलं होतं. थांबा म्हणायचं होतं नुसतं. थांबा, एवढा एक शब्द, तोही माझ्या तोंडून निघेना—आम्हाला शिकवतातच तसं, समोरचा बोलेल तेवढंच बोला, पदरचं घालू नका. ती भिंतीवरची पाटी बघा संस्थेची, काय लिहिलंय? 'आम्ही तुमचा आवाज.' वकील आहेत, पत्रकं वाटणाऱ्या मुली आहेत, तुमच्यासारख्यांसाठी सरकारशी भांडतात बिचाऱ्या, उन्हातान्हात उभ्या राहतात—पण आपली भाषा येते का एकीला तरी? आवाज म्हणजे मी. मी एकटी.

सही करायला माझे काय हात मोडलेत? लिहायचंय तरी काय—आमच्या भाषेत 'गेला'चे दोन अर्थ होतात. बस्स. पण हे वाचणार कोण? तोच चष्मेवाला. नऊ वर्षांपूर्वी माझा अर्जही त्यानंच पाहिला, आणि विसरभोळा नाही तो, मेला. दोन अर्थ होतात म्हटल्यावर त्याला आठवायचं, अरे, ही बाईपण त्या दिवशी म्हणाली होती—

काही नाही. बोलायच्या ओघात आपलं. पाणी घ्या ना तुम्ही.

असं बघू नका हो माझ्याकडे! गेलाच होता माझा. खोटं नाही बोलले मी. समोरच्या शिवणवालीला घेऊन गेला, चांगला धडधाकट, नवे बूट घालून. मी सांगितलं, गेला. तेव्हाचा दुभाषी म्हातारा, देवमाणूस, त्यानं डोळे पुसले आणि सांगितलं—वारला. मला कुठे त्यांची भाषा येत होती? अधिकाऱ्यानं मान खाली घातली एवढं दिसलं. कागद हातात पडले, पुढे भाषा शिकले, मग एक दिवस वाचलं—मी विधवा. नवऱ्याला तिकडे मारलं म्हणून मला इथे राहू दिलेलं. काय करायचं होतं मी? परत जाऊन सांगायचं, अहो, जिवंत आहे तो मुडदा? मागच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला होता. लेकीला नाही दिला. ती रोज शाळेत जाताना बापाच्या फोटोला हात जोडते, आणि मी मागे उभी असते, डबा घेऊन.

तुमचा मेला तो फाइलीत जिवंत, आणि माझा जिवंत तो फाइलीत मेलेला. इकडे आड, तिकडे विहीर. सही केली तर माझ्या लेकीला घेऊन मी कुठे जाऊ, सांगा. नाही केली तर तुम्ही... हो. कळतं मला. दुसरा दुभाषी आहे एक, शहराच्या पार त्या टोकाला. पाचच्या आत नाही व्हायचं. तेही कळतं.

उठलात? थांबा, पेन आहे माझ्याकडे, आणा तो कागद इकडे—नाही. नाही होत हो माझ्यानं. तो घेऊन जा, इथे नका ठेवू. कुणाला बोलणार नाही ना तुम्ही? बाईमाणूस आहात, लेकरं असतील तुम्हालाही. दार जरा जोरात ओढा, अडकतं ते.

काय म्हणालात? 'जाते'? अहो, निघताना असं म्हणू नये, येते म्हणावं. ताई, येते म्हणा. येते म्हणा ना—