कुंपणापलीकडे घेतलेलं नाव

आई : गार पाण्यातच भिजवते गं. गरम पाण्यानं रक्ताचा डाग पक्का बसतो.

ज्ञानदा : भिजवू नका, आई. तो शर्ट माझ्याकडे द्या.

हरीश : तुला कशाला हवाय शर्ट? आई, मशीनमध्ये टाक आणि नव्वदवर लाव. विषय संपव.

ज्ञानदा : काल पोलीस यायच्या आत बदललास म्हणून तो घरात राहिला. असा शर्ट आहे हे त्यांना माहीतच नाही.

हरीश : नाहीये तेच बरंय. अकराला ते तुझा जबाब घ्यायला येणार आहेत. आई, किती वाजले?

आई : दहा वीस.

हरीश : चाळीस मिनिटं आहेत. बस, ज्ञानदा. नीट ऐक. रात्रभर पोलीस स्टेशनात मी एकच गोष्ट सांगितलीय. शेजारीण बागेत काहीतरी अघोरी करत होती. मी जाब विचारायला गेलो. ती सुरी घेऊन अंगावर धावली. माझ्या हाताला तिचंच फावडं लागलं. सेल्फ-डिफेन्स. म्हणून सोडलंय मला. तू एवढंच सांगायचं, सुरी तिच्या हातात होती.

ज्ञानदा : सुरी टेबलावर होती.

हरीश : हातात होती.

ज्ञानदा : बागेतल्या टेबलावर. सफरचंदांच्या शेजारी. मी तिच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हरीश, तुझ्यापासून चार पावलांवर. आणि त्या सुरीला धारच नाही. तिच्या पूजेतली आहे ती, तिने काहीच कापत नाहीत. सफरचंद चिरायला ती आतून दुसरी सुरी घेऊन आली होती.

हरीश : पूजा! ऐक आई, पूजा म्हणते ही! काळ्या मुठीची सुरी, मडकं, गळ्यात तो पाच टोकांचा तारा. सैतानाची खूण असते ती. इथल्या मराठी मंडळातल्या मंजूषाने ग्रुपवर टाकलं होतं सगळं. ही माणसं लहान मुलांच्या...

ज्ञानदा : बोल ना. लहान मुलांच्या काय?

हरीश : तुला माहितीये काय.

ज्ञानदा : मला एवढं माहितीये की लीसबेतने छत्तीस वर्षं हेगमध्ये ट्राम चालवली. सैतानाला ती मानतही नाही. म्हणते, तो चर्चवाल्यांचा, त्यांनीच सांभाळावा. त्या ताऱ्याची चार टोकं म्हणजे माती, पाणी, वारा, विस्तव आणि पाचवं आपला जीव. आपल्याकडे पंचमहाभूतं म्हटलं की तू मान डोलावतोस. तिने म्हटलं की ती चेटकीण.

हरीश : ती स्वतःच म्हणवते स्वतःला विच! मी नाही म्हणत!

ज्ञानदा : म्हणवते. आणि तिचा नियम एकच आहे, कुणाला इजा करायची नाही. काल तू फावडं उचललंस तेव्हासुद्धा तिने तो मोडला नाही.

आई : मांजर नाही का गं तिच्याकडे एक काळं? मला वाटतं मी पाहिलंय.

ज्ञानदा : ते कोपऱ्यावरच्या घरातलं, आई. हिला मांजराने शिंका येतात.

आई : हो का? मला तर बाई चांगलीच वाटली होती. स्खेवेनिंगनला समुद्र दाखवायला घेऊन गेली मला. ट्रामचा ड्रायव्हर तिच्या ओळखीचा निघाला, त्याला म्हणाली, ही माझी शेजारीण, ब्रेक जपून दाब. तू मला मराठीत सांगितलंस तेव्हा कळलं. पण ज्ञानदा, एक सांगू? ती कितीही चांगली असली तरी परकी आहे. हा माझा पोटचा आहे.

हरीश : सांग तिला, आई.

आई : चार शब्दांनी त्याचं आयुष्य वाचणार असेल तर बोल ना बाई. सुरी टेबलावर होती काय आणि हातात होती काय! ती काय मरायला टेकली नाहीये.

ज्ञानदा : सकाळी तिच्या बहिणीचा फोन आला होता. कवटीला तडा गेलाय. डावा हात दोन ठिकाणी मोडलाय. अजून शुद्ध नाही.

आई : अगं बाई!

हरीश : शुद्ध नाही म्हणजे तिचा जबाब नाही. म्हणजे आत्ता फक्त तुझा जबाब आहे. कळतंय का तुला? मला शिक्षा झाली तर इथं राहायचं परमिट जाईल. माझं गेलं की तुझंही जाईल. हे घर, तुझी नोकरी, सगळं जाईल. एका म्हातारीपायी!

ज्ञानदा : किती वेळा मारलंस रे तिला?

हरीश : मला आठवत नाही.

ज्ञानदा : मला आठवतंय.

हरीश : गप्प बस.

ज्ञानदा : पहिला घाव मडक्यावर घातलास. त्यात माती होती आणि मेणबत्त्या होत्या, बाकी काही नव्हतं. ती ओरडली, हरीश, हरीश, वाख्त! थांब म्हणाली ती. तोंडावर हात धरला तिने. दुसरा त्या हातावर घातलास. हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. ती गुडघ्यांवर आली, मग आडवी झाली.

हरीश : गप्प बस म्हणतोय ना!

ज्ञानदा : आणि ती खाली पडल्यावर तू थांबलास. आई, हा थांबला होता. मला वाटलं, झालं, आता फावडं टाकेल. याने दोन्ही हातांनी मूठ नीट धरली आणि तिसरा घातला. डोक्यावर. नारळ फुटतो ना, तसा आवाज झाला.

हरीश : तू हे त्यांना सांगणार? सांगणार तू हे?

(हरीश ज्ञानदाचं मनगट धरून पिरगाळतो. टेबलावरचा कप खाली पडून फुटतो.)

ज्ञानदा : हात सोड.

हरीश : आधी सांग, काय बोलणार आहेस.

आई : हरीश! सोड तिला! मोडशील हात! सोड म्हणते ना, नाहीतर हीच बादली घालीन तुझ्या डोक्यात!

हरीश : त्या बाईने मारलं आपल्या बाळाला, आई! तुम्हाला दोघींना कसं दिसत नाही? एकदाच कडेवर घेतलं होतं त्याला. एकदाच! तारा विणलेलं ते पांघरूण दिलं आणि त्याच्या कपाळावर बोट फिरवून काहीतरी पुटपुटली. नवव्या दिवशी माझा मुलगा पाळण्यात थंड पडला होता. चार महिन्यांचा, ठणठणीत, सर्दीसुद्धा नव्हती. डॉक्टर म्हणतात, कारण सापडलं नाही. असं कसं सापडत नाही कारण? माझ्या कामात एवढीशी चूक झाली तरी मी तिचं मूळ शोधून काढतो. प्रत्येक गोष्टीला कारण असतं!

ज्ञानदा : नसतं. कधीकधी नसतं, हरीश. मीसुद्धा वर्षभर शोधलंय.

आई : ये, बस इकडे, राजा. पाणी पी.

हरीश : नको मला पाणी. आई, तू आठवडाभर वरच्या मजल्यावर झोपतेस, तुला ऐकू गेलं नसेल. मी मागच्या दारात सायकल लावताना ऐकलंय. रोज संध्याकाळी कुंपणापलीकडून त्याचं नाव यायचं. ती बाई एकटी बसून त्याचं नाव जपत होती. दहा वेळा, वीस वेळा, पुन्हा पुन्हा, एकाच सुरात. मेलेल्या लेकराचं नाव कोण जपतं असं? आणि काल बघतो तर मडक्यासमोर कागद, त्यावर त्याचं नाव.

ज्ञानदा : सराव करत होती ती.

हरीश : काय?

ज्ञानदा : तिला म्हणता येत नव्हतं त्याचं नाव. डच जिभेला जमेना. सूस्रूत म्हणायची, मग सुशूत म्हणायची, मग स्वतःवरच चिडायची. मी तिला फोनवर रेकॉर्ड करून दिलं होतं, ते ऐकून ऐकून आठवडाभर घोकत होती. म्हणाली, त्याच्या आईसमोर मी त्याचं नाव चुकीचं घेणार नाही.

आई : पण कशासाठी गं?

ज्ञानदा : ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी ही माणसं आपल्या गेलेल्यांना आठवतात. एकेकाची मेणबत्ती लावायची आणि एकेकाचं नाव मोठ्याने घ्यायचं. एवढंच असतं ते. आपण पितरांना पान वाढतो, तसंच. तिने नवऱ्याचं घेतलं, आईवडलांचं घेतलं, तिच्या ट्रामखाली आलेल्या एका माणसाचंही घेतलं. सगळ्यात शेवटी आपल्या बाळाचं घ्यायचं होतं. मी मेणबत्ती आणायला आत गेले होते.

हरीश : कोणी सांगितलं होतं तिला हे करायला?

ज्ञानदा : मी.

हरीश : माझ्या मुलाचं नाव तू त्या...

ज्ञानदा : माझ्याही मुलाचं! या घरात त्याचं नाव घ्यायची सोय ठेवलीस तू? तेराव्या दिवशी पाळणा क्रिंगलूपच्या, जुन्या सामानाच्या दुकानात टाकून आलास. फोटो काढून टाकलेस. म्हणालास, आजपासून हा विषय बंद. मी नाव घेतलं की तू उठून जायचास. आई आल्या तर विमानतळावर त्यांना बजावलंस, तिच्यासमोर काढू नको. आई, बजावलं होतं ना?

आई : हो. बजावलं होतं. मला वाटलं, तुलाच त्रास होतो म्हणून सांगतोय.

ज्ञानदा : मला त्रास नाव घेतल्याने होत नव्हता. मी बाथरूममध्ये नळ सोडून त्याला हाक मारायचे. एक दिवस कुंपणाशी लीसबेतने विचारलं, तुझ्या बाळाचं नाव काय होतं गं? वर्षभरात तेवढं एकाच माणसाने विचारलं. मी तिथेच रडले. आणि तिचंच तू डोकं फोडलंस.

हरीश : मला काय माहीत हे सगळं? मला वाटलं, करणी आहे. कुणालाही तेच वाटलं असतं. मी कागद पाहिला आणि माझं डोकं फिरलं.

ज्ञानदा : कागद नीट पाहिलास?

हरीश : पाहिला.

ज्ञानदा : मराठीत लिहिलं होतं.

हरीश : हो.

ज्ञानदा : तिला मराठी येते?

हरीश : नाही.

ज्ञानदा : अक्षर ओळखलंस?

आई : हरीश, ती काय विचारतेय? बोल ना.

हरीश : ओळखलं.

ज्ञानदा : कधी?

हरीश : पहिल्या घावाच्या आधी.

आई : अरे, मग? हिचं अक्षर आहे हे कळलं होतं, तरी?

हरीश : कळलं म्हणूनच! त्या पहाटे त्याच्याजवळ कोण झोपलं होतं? ही झोपली होती! एका हाताच्या अंतरावर होता पाळणा, एका हाताच्या! आणि हिला जाग आली नाही! वर्षभर मी एक अक्षर बोललो नाही. डॉक्टर म्हणाले, आईचा दोष नाही, मी मान डोलावली. रोज हिच्यासमोर बसून जेवलो. आणि ही पलीकडे जाऊन त्याच्या नावाने मेणबत्त्या लावते, रडून मोकळी होते! मी कुठे जाऊ? मी कुणाच्या दारात जाऊन रडू?

ज्ञानदा : म्हणजे ते फावडं माझ्यासाठी होतं.

हरीश : तसं नाही म्हणालो मी.

ज्ञानदा : तिसऱ्या घावाआधी तू मान वर केली होतीस. दारात मी होते. आपली नजरानजर झाली. मग तू मूठ नीट धरलीस आणि तिला मारलंस.

हरीश : ज्ञानदा...

ज्ञानदा : मी रात्रभर विचार करत होते, हा माझ्याकडे का बघत होता.

आई : देवा रे.

हरीश : हे बघ. खोटं नको बोलूस. ठीक आहे, सुरीचं नको सांगूस. पण वकील म्हणाला, इथे नवऱ्याविरुद्ध बोलायची बायकोवर सक्ती नसते. तू फक्त म्हण, मला बोलायचं नाही. ते लिहून घेतात आणि जातात. काहीच करायचं नाहीये तुला. नुसतं गप्प बसायचंय.

ज्ञानदा : गप्पच बसले होते ना वर्षभर.

हरीश : आई, तू समजाव. तुझं ऐकेल ती.

आई : मी काय समजावू? मघाशी मीच तिला खोटं बोल म्हणत होते. मला वाटलं, घाबरून हात उठला माझ्या पोराचा. घाबरला होतास, तर ती पडल्यावर थांबला असतास रे.

हरीश : तू पण?

आई : तुझ्या बाबांना जाऊन चार वर्षं झाली. मी रोज देवापुढे त्यांचं नाव घेते, तेव्हा कुठे मला घास गिळवतो. हिला तेवढंसुद्धा करू दिलं नाहीस तू.

ज्ञानदा : आई, बेल वाजली.

हरीश : अजून वेळ आहे. अकरा नाही वाजले.

ज्ञानदा : लवकर आलेत. गाडी दिसतेय खिडकीतून.

हरीश : ज्ञानदा, थांब. एक मिनिट थांब. काय सांगणार आहेस? आधी काय सांगशील त्यांना?

ज्ञानदा : कागदावर काय लिहिलं होतं ते. तू म्हणून दाखव, तुझ्या तोंडून ऐकलं नाही कधीचं. एकदा म्हण.

हरीश : मला नाही येत.

ज्ञानदा : तिला आलं होतं. काल अगदी बरोबर म्हणाली होती. सुश्रुत. तू फाटक ढकललंस तेव्हा तेच म्हणत होती ती.

आई : तू बस, ज्ञानदा. हात सुजलाय तुझा. दार मी उघडते. आणि तो शर्ट बादलीशेजारी कोरडाच आहे, त्यांना दे.