पट्ट्याचा टाका

धाकटे : बसा ना मावशी. उभ्यानं भांडलं की पाय दुखतात.

मावशी : भांडायला नाही, विचारायला आले. बाहेरचा कुणी शिकलेला माणूस मॅनेजर होणार, हे मला शिलाईच्या बायकांकडून कळावं?

धाकटे : अजून ठरलेलं नाही.

मावशी : थोरले जाताना म्हणाले होते, या कारखान्याची नाडी मावशीच्या हातात आहे.

धाकटे : बाबा म्हणाले होते, खरंय. पण परत आलेली जाकिटं त्यांनी पाहिली नाहीत. बुडत्याला तरंगतं ठेवायचं जाकीट, मावशी. ओढलं तर पट्टा हातात आला. नशीब, चाचणीतच आला.

मावशी : चूक आमची. मी नाही कुठे म्हणते?

धाकटे : आमची म्हणजे कुणाची?

मावशी : शिलाईच्या साऱ्या रांगेची.

धाकटे : हेच. एकीचा टाका चुकला की चहाच्या सुट्टीत साऱ्याजणींनी मिळून उसवायचं, पुन्हा शिवायचं, नाव मात्र वर येऊ द्यायचं नाही. ही रीत मला ठाऊक नाही असं वाटतं?

मावशी : त्या रीतीनंच बायका टिकल्या इथे. कुणाचं पोर तापानं फणफणलेलं, कुणाचा नवरा रुसलेला. सुई मनामागे धावते, धाकटे. मन घरी राहिलं तर टाका सरळ कसा पडेल?

धाकटे : आणि जिचा टाका वाकडा, तिला ना कुणी शिकवलं, ना थांबवलं. परका माणूस निदान विचारेल तरी.

मावशी : विचारेल की. बायका माना खाली घालून मशीन चालवतील. परक्यापुढे कोण तोंड उघडतं?

धाकटे : तुमच्यापुढे उघडतात, पण ते तुमच्या पोटातून बाहेर येत नाही. मला दोन्ही सारखंच.

मावशी : लागेल असं बोलू नका.

धाकटे : मग सांगा. टाका कुणाचा? नाव घ्या, त्या बाहेरच्या माणसाला मी आत्ता फोन करून नको म्हणतो.

मावशी : मॅनेजरची खुर्ची दाखवून नाव काढून घेताय.

धाकटे : नाही. या खुर्चीत बसून तुम्हाला नाव घेता येईल का, ते बघतोय.

(खाली एकेक मशीन थांबत जातं. जेवणाची सुट्टी.)

मावशी : तुम्ही रांगत होतात तेव्हापासून बघतेय तुम्हाला. कापडाच्या ढिगात झोपायचात.

धाकटे : मावशी.

मावशी : सुनेचा.

धाकटे : कुणाच्या सुनेचा?

मावशी : माझ्या. बाळंतपणापासून अंधारी येते तिला. तिचं मीच उसवत होते. एक नजरेतून निसटलं.

धाकटे : मला... वाटलं नव्हतं.

मावशी : पुढचं बोला.

धाकटे : शिलाईवर तिला ठेवता येणार नाही. आणि शिलाईशिवाय आपल्याकडे दुसरं काम नाही.

मावशी : माहीत आहे. तिला सांगणार कोण?

धाकटे : मॅनेजर.

मावशी : बरं. आधी जेवू दे तिला.