तिसऱ्या वळणावरचा चढ

हॅलो?… हॅलो, कोण?… आयसालकिन, तू होय. थांब, हात काळे आहेत, फोन खांद्यात धरतो… हं, बोल.

नाही, पडलो-बिडलो नाही. ठोकतोय तो आवाज… हातोडीचा. सायलेन्सर खोललाय.

सायलेन्सर. मोटारसायकलचा… माझीच, दुसऱ्याची कशाला खोलू?… मोडली नाही गं. चालते. सपाटीला चालते, चढावर रडते. म्हणून तर…

हो, हो… अगं ऐक ना. तूच म्हणालीस, बाबा, गाडी सामानासकट खिंड चढली तर खुशाल जा जायलोवर, त्या उन्हाळी कुरणात. नाही चढली तर यंदा मेंढरं विका, उन्हाळाभर वर एकट्याने काय करायचंय, इकडे बिश्केकला या. म्हणालीस की नाही?… मग. शब्द तुझा. मी आता गाडी चढवायच्या मागे लागलोय.

कोणी सांगितलं म्हणजे? जिर्गलबेकने. शेजाऱ्याशिवाय कोण सांगणार. म्हणाला, इंजिन धडधाकट आहे, श्वास कोंडलाय तिचा. पुढून घेते, मागून सोडता येत नाही. सायलेन्सरचं शेपूट कापून टाक म्हणाला. त्याच्या मुलाच्या गाडीचं कापलंय ना, ती आली की गावातल्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबतात. मी म्हटलं, कापायच्या आधी बघू तरी आत असतं काय. इतकी वर्षं त्या नळकांड्यावर पाय भाजून घेतले, आत काय आहे ते कधी बघितलं नाही.

… नवा नको गं, ऐक. मागे एक नट असतो. हलेना. कालपासून त्याला रॉकेल पाजलं, तेव्हा सैल झाला. ओढली तर आतून एक नळी निघाली, हातभर लांब, अंगभर भोकं, मध्ये चकत्या. चाळणीसारख्या. धूर त्या भोकाभोकांतून हिंडतो, हिंडून हिंडून दमतो आणि गुपचूप बाहेर पडतो. आवाज कमी होतो तो असा. मला वाटायचं आत काहीतरी भरलेलं असेल. काही नाही, नुसतं फिरवून फिरवून थकवायचं. गंमत आहे की नाही?… नाही, तुला नाही वाटणार. तू लहानपणी बाहुलीसुद्धा फोडून बघितली नाहीस.

… अंगणातल्या चुलीत. सकाळी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजली नळी, काजळी जळून गेली सगळी. आता ठोकून झाडतोय… हो, तीच चूल, कणकेचे बोरसोक तळायची. कढई आधी काढून ठेवली, तेवढं कळतं मला… असू दे वास. ओरडणारी आहे कोण आता.



बरं, फोन केलास ते बरं झालं. एक विचारायचं होतं. त्या नळीच्या मागे, अगदी टोकाशी, एक बोळा निघाला. तारेचा… नाही, कारखान्यातला कसा असेल? गवताच्या गठ्ठ्याला बांधतो ती तार. मूठभर… उंदीर तार गुंडाळतात का? गुंडाळलेली आहे गं ती, नीट. दोन वेढे सरळ, एक आडवा. चटईच्या काड्यांना लोकर गुंडाळतात ना, तशी. आणि शेवटचं टोक आत खोचलेलं, बोटाला लागू नये म्हणून… आता तू सांग. आपल्या घरात टोक असं आत कोण खोचायचं?

हॅलो?… आहेस ना?… मग बोल की.

हसतेस काय… आयसालकिन, तू हसतेयस. तुला माहीत होतं.

… तू पाळण्यात असताना? हं… मी रात्री-बेरात्री यायचो आणि तू उठायचीस. मग मला सांगायचं, गाडी लांब बंद कर म्हणून… सांगितलं होतं?… पुष्कळदा?… असेल. असेल बाई.

पण नट कसा खोलला तुझ्या आईनं?… तेव्हा गाडी नवी होती, ते बरोबर. पण पाना कुठला? पाना तर… थांब थांब. त्याच साली माझा मोठा पाना हरवला. जिर्गलबेकने नेला म्हणून मी त्याला अजून टोमणे मारतो. परवासुद्धा मारला… कुठे?… शिलाई मशीनच्या खणात?… धर जरा फोन.

…

आहे. चिंधीत गुंडाळलेला, वर तेलाचा हात. गंजाचा ठिपका नाही… जिर्गलबेकला? छे, नाही सांगत. इतकी वर्षं चोर म्हणून जगला, आता एकदम साव म्हटलं तर बावचळेल तो.

पण मला एक कळत नाही. तू पाळण्यातून उतरलीस, शाळेत गेलीस, शहरात गेलीस, तुला मुलं झाली. मग बोळा काढला का नाही?… विसरली? ती? कुणाच्या लग्नात कुणी किती मांस वाढलं ते सांगायची ती.

अगं, त्या बोळ्यापायी गाडी कधी खिंड सरळ चढली नाही. दरवर्षी तेच. तिसऱ्या वळणावर, ते लाल दगड आहेत ना, तिथे धापा टाकायला लागायची. मग तुझी आई उतरायची. मी गाडी ढकलायचो, ती बाजूने चालायची, पार वरपर्यंत. मी गाडीला शिव्या घालायचो, पेट्रोलला घालायचो, गाडी बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना घालायचो. आणि ही शांतपणे कुरुतचा खारट गोळा चघळत चालायची. एक शब्द नाही की बोळा माझा आहे.

… वेगाला भ्यायची का? मी एकदा ओढ्यात पडलो होतो, म्हणून?… तेही नाही?… मग काय?

…

परत सांग.

… असं म्हणाली? तुला?… शेवटी, दवाखान्यात. मी खाली चहा आणायला गेलो तेव्हा.

हं… गाडीवर नुसती पाठ दिसते. हो, दिसणारच. आणि घरात माणसं… खरं आहे, माझी आई होती, भाऊ होते, सतत कुणी ना कुणी… आणि चढावर आम्ही दोघंच. हं.

… बोलायचो की. काय म्हणजे, काहीबाही. मेंढरांचं, तुझ्या अभ्यासाचं. कोण कुणाशी का बोलत नाही त्याचं. वर पोचेस्तोवर बोलणं संपायचं नाही, मग वर दगडावर बसून संपवायचो.

तुला एक सांगू? घरात तिनं कधी माझं नाव घेतलं नाही. सासरच्या माणसांत कसं घेणार. "आयसालकिनचे बाबा", नाही तर नुसतं "ऐकलंत का". त्या चढावर मात्र घ्यायची. "तुर्दाकुन, थांब जरा." "तुर्दाकुन, ते ढग बघ." मला वाटायचं, दम लागलाय, म्हणून थोडक्यात बोलते.



बोळा हातातच आहे. काळा ठिक्कर झालाय, पण वेढा एक सुटलेला नाही… तेच तर बघतोय, काय करायचं. घातला तर गाडी चढणार नाही, मग तुझा तो शब्द. नाही घातला तर… थांब, आधी ऐक तरी. नळी निवली आहे. बसवतो, किक मारतो. फोन तिथेच धर.

…

ऐकलंस?… जाड आवाज झाला ना? छातीतून आल्यासारखा. कुत्रं बघ, पार कुंपणापलीकडे गेलं. ही चढेल गं. पीठ, चूल, पांघरुणं, सगळं घेऊन एका दमात चढेल. मेंढरं जिर्गलबेक हाकणारच आहे त्याच्यांबरोबर.

… म्हणजे जाऊ?… नाही, तुझ्या तोंडून ऐकू दे. जाऊ ना?… बरं.

काय? शनिवारी?… तू?… आणि मुलांना कोण बघणार?… तो बघेल? त्याला चहा तरी करता येतो का?… बरं, बरं. मग बसने चौकात उतर, मी घ्यायला येतो. तिथून थेट वर.

… मागे बसशील ना? नाही, शहरात राहून सवय गेली असेल, म्हणून विचारलं.

मग एक कर. चांगले बूट घालून ये. ते टाचेचे नकोत… का म्हणजे, तिसऱ्या वळणावर उतरावं लागेल… अगं चढते, पण सामान मी उद्याच पोचवून येतो, मोकळी आहे तोवर. शुक्रवारी बोळा घालतो परत… हो, त्याच जागी. पाना सापडलाय ना आता.

… हं… हं… नाही, आत्ता नको सांगू. राखून ठेव ते.

चालताना सांग.