बिनरंगी पाणी

अणुकचऱ्याची उरलेली पिंपं खोल खडकात पुरायची की नाही, याची सुनावणी होती. बाहेर बाकावर माझ्या शेजारी दोन भूगर्भतज्ज्ञ बसले होते. म्हातारे सर 'पुरा' म्हणणार होते, त्यांची जुनी विद्यार्थिनी 'नको' म्हणणार होती.

"सर, तळातला खडक ओला निघाला."

"अगं, ड्रिलिंगचं पाणी असणार ते."

"ड्रिलिंगच्या पाण्यात आपण हिरवा रंग घालतो, ते ओळखू यावं म्हणून. तुम्हीच शिकवलंत. हे बिनरंगी होतं."

"मग जुनं असेल. लाखो वर्षं तिथेच साचलेलं. त्याने काही बिघडत नाही."

"मलाही तसंच वाटलं होतं. तपासलं तर हल्लीच्या पावसाचं निघालं."

"एवढ्या खोल?"

"म्हणजे वाट आहे, सर. पाणी खाली जातंय, तसं वरही येत असेल."

"नमुना घेताना काहीतरी चुकलं असेल तुझं."

"पुन्हा पुन्हा घेतला. माझं चुकलंय असं छातीवर हात ठेवून सांगा, मी आत्ता घरी जाते."

शिपायाने सरांना आत बोलावलं. ते उठले नाहीत.

"पहिली पिंपं खाली ठेवून वर्ष झालं गं."

"हो, सर."

"तिथे वर जे गाव आहे, त्यात प्यायला पाणी कुठलं?"

"विहिरीचं."