म्यानातलं ठिगळ

—नाही नाही, मी कुठं म्हणालो पातं बदललं म्हणून? मी एवढंच म्हणालो की म्यान खुळखुळतंय. हिदेत्सुरा लोहाराचं पातं म्हणजे काय चीज, ते तुम्हाला मी काय सांगायचं मोरिवाकी सरकार, तुम्ही शस्त्रागाराचे राखणदार — बाजारातला कथेकरी तर ते एका घावात तीन घोडेस्वार कापतं म्हणून सांगतो, लोकही माना डोलावतात — पण मी पडलो म्यानवाला, मला घोडेस्वारांचं काय? मला पात्याचा बाक कळतो. म्यान एकाच पात्यापुरतं कोरलेलं, दुसरं घातलं की वाजणारच. आणि परवा वसंताच्या दरबारात महाराज ते कानाशी धरून हलवणार, दर वर्षी हलवतात — तेव्हा वाजलं तर... म्हणून तर तुम्ही स्वतः आलात, एकटे, नोकर न घेता. बरं केलंत. मी काही विचारलं? नाही विचारलं.

ओसेन! चहा नको गं आणूस, आतच बस! — बायको आहे. तिला कमी ऐकू येतं.

हे बघा, लाकडी म्यान भाताच्या खळीनं चिकटवलेलं असतं, सुरी घातली की झाल्या दोन फाकी. आता आत एक बारीक पट्टी बसवली की तुमचं नवं — तुमचं नव्हे, महाराजांचं, जुनंच — गप्प राहील. थांबा हं. इथं पट्टी आहे की आधीच. कशाला बरं? हे म्यान माझ्या बाबांनी हिदेत्सुराच्या पात्यावरच कोरलेलं, त्याला ठिगळ कशाला लागेल? आणि हात तर त्यांचाच, डावखुऱ्याची तिरपी कड — म्हणजे मागं एकदा दुसरं पातं — अहो, म्हणजे तुम्ही काढलंत तेसुद्धा अस्सल नव्हतंच! इतकी वर्षं महाराज खोटंच — सरकार? चेहरा का उतरला तुमचा? ठाऊक नव्हतं होय? मग ज्याला अस्सल म्हणून दिलंत तो आता — नाही, कोणाला काही दिलंच नाहीत तुम्ही. माझी जीभ झडो.

शाईनं तारीखही टाकलीय बाबांनी. सशाचं वर्ष, तिसरा महिना, चौथा दिवस. चौथा... त्याच संध्याकाळी ते तुमच्या वडिलांकडे तलवार पोचवायला गेले. शस्त्रागार तेव्हा त्यांच्याकडेच होतं, नाही का. सकाळी बाबा कालव्यात सापडले. पाय घसरला, असं तुमचे वडील स्वतः येऊन सांगून गेले, तांदळाचं पोतं ठेवून गेले. केवढा भला माणूस, आई म्हणायची. मीही म्हणायचो. आणि कालव्याला पाणी गुडघाभर, सरकार. तीस वर्षं मी रोज त्यात पटाशा धुतोय, एकदा डोक्यात आलं नाही.

ओसेन! मीठ संपलंय, भावाकडून घेऊन ये! मागच्या दारानं जा — आत्ता! चपला राहू देत! ...हां, गेली.

भीती वाटते हो मला, लपवून काय करू. मी काही पाहिलं नाही, बाबांची पट्टीसुद्धा नाही. हे घ्या, वर दुसरी बसवली, म्यान चिकटवलं, आता काय बिशाद आहे वाजायची. फक्त खळ ओली आहे, सकाळपर्यंत दोरीनं आवळून ठेवायचं, तोवर पातं उघडंच — ते हातात कशाला घेतलंत? ओल्या म्यानात नाही जायचं ते. खाली ठेवा ना. दारातून जरा सरकता का? मी कोणाला सांगणार आहे, सरकार, मी तर —