तर्जनीचं नख

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, आजचे सत्कारमूर्ती आमचे डॉक्टरसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, माझ्या आजी-माजी परिचारिका भगिनींनो आणि सभागृहातल्या सर्व सुहृदांनो,

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. सूत्रसंचालक बाईंनी दोनदा बजावलं, की मेट्रनबाई, आठवणी जरा गोड सांगा. जन्मभर लोकांना कडू औषधं पाजणाऱ्या बाईकडून ही अपेक्षा म्हणजे कमालच आहे. तरी प्रयत्न करते.

आत्ताच मानपत्राचं वाचन झालं. भाषा सुरेख आहे. त्यात म्हटलंय, की चालत्या हृदयात बोट घालून अरुंद झालेली झडप मोकळी करण्याची शस्त्रक्रिया या भागात प्रथम केली ती डॉक्टरसाहेबांनी. अगदी खरं. पण तिची म्हणून जी तारीख छापली आहे, ती दुसऱ्या शस्त्रक्रियेची आहे. पहिली सहा महिने आधी झाली होती. ती मानपत्रात नाही. मला तिच्याबद्दलच बोलायचं आहे. अध्यक्ष महोदय, आपण घड्याळाकडे पाहिलंत ते मी पाहिलं. मी लवकर आवरते, पण अर्ध्यावर थांबणार नाही.

तरुण मंडळींसाठी थोडं मागे जाते. हे रुग्णालय बारा खाटांचं होतं, तेव्हाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पहिल्याच वर्षी आमच्या संस्थापकांच्या, म्हणजे थोरल्या डॉक्टरांच्या देखत बाळंतिणी तापाने जाऊ लागल्या. कुणी हवेला दोष दिला, कुणी पाण्याला. थोरल्या डॉक्टरांनी स्वतःचे हात उजेडात धरून पाहिले. ताप आपल्याच नखांतून खाटेखाटेला जातो आहे, हे मान्य करायला त्या काळी छाती लागत असे. तेव्हापासून आपल्याकडे हातांची हजेरी सुरू झाली. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी एक परिचारिका कात्री घेऊन उभी राहणार आणि आत जाणारा प्रत्येक जण, भले तो मुख्य शल्यचिकित्सक असो, तिच्यापुढे मुकाट्याने हात करणार. नख दिसलं की कापलं, तिथे विचारणं नाही. बाहेरून आलेल्या कितीतरी नामांकित डॉक्टरांची नाकं यावरून मुरडलेली मी पाहिली आहेत. नखं मात्र सगळ्यांनी कापून घेतली.

आता गंमत पाहा. छत्तीस वर्षांपूर्वी अशा या रुग्णालयात एका तरुण डॉक्टराने नख वाढवायला घेतलं. उजव्या तर्जनीचं, एकच. झडपेच्या कडा चिकटलेल्या असतात, त्या आत न बघता, नुसत्या बोटाने चाचपून उकलायच्या. हातमोज्याचं टोक कापायचं, बोट आयोडीनमध्ये बुडवायचं आणि नखाने ती चिकटलेली रेघ सोडवायची. पात्याला काही कळत नाही, नखामागे निदान बोट असतं, असं डॉक्टरसाहेबांचं म्हणणं. खाटकाकडून बकऱ्यांची काळजं नव्हे, हृदयं आणायची आणि दुपारभर त्यांत बोट घालून बसायचं, असा त्यांचा सराव चालला होता. वहिनींचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. त्या काय म्हणत असतील कोण जाणे.

त्या नखासाठी त्यांनी तेव्हाच्या मेट्रनची, आमच्या मोठ्या बाईंची, लेखी परवानगी घेतली. बाईंनी दाराशेजारी कागद लावला: अमुक डॉक्टरांच्या उजव्या तर्जनीस हात लावू नये. सगळ्यांनी वाचला. फक्त एका परिचारिकेने वाचला नाही, कारण ती आईच्या आजारपणासाठी तीन आठवडे रजेवर होती. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी ती कामावर रुजू झाली आणि हातांच्या हजेरीला उभी राहिली. बावीस वर्षांची होती. नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

डॉक्टरसाहेब, आपण मान हलवताय. मला खुणावू नका. मी आजवर आपलं सगळं ऐकलं, आजचं ऐकणार नाही.

रुग्ण होती एक तरुण बाई. पदरी दोन वर्षांची मुलगी. आडवं झालं की छातीत पाणी भरायचं, म्हणून पाच महिने ती बसून झोपत होती. ओठ निळे पडलेले. शस्त्रक्रियेवाचून ती पंधरा दिवस काढील, असं कुणालाच वाटत नव्हतं. तिचा नवरा छापखान्यात खिळे जुळवायचा. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं, की माणसावर हे मी अजून एकदाही केलेलं नाही.

तर ती सकाळ. डॉक्टरसाहेब खिडकीशी उभे होते. डाव्या हातात छातीचा एक्स-रे उजेडासमोर धरलेला, नजर त्यात बुडालेली, आणि उजवा हात सवयीने मागे माझ्यापुढे केलेला. मी खाली मान घालून अंगठ्याचं नख पाहिलं, ते ठीक होतं. पुढच्या बोटाचं वाढलेलं दिसलं. मला रागच आला, एवढा शिकलेला माणूस आणि ही स्वच्छता! मी कापलं.

आवाज झाला तसे ते वळले. बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओरडतील असं वाटलं. ते नुसतं म्हणाले, "तू कधी आलीस रजेवरून?"

मी म्हटलं, आजच. त्यांनी दाराशेजारच्या कागदाकडे बोट केलं. मी तो वाचला.

नख पुन्हा वाढायला सहा आठवडे लागणार. तेवढे दिवस तिच्यापाशी नव्हते. डॉक्टर बाहेर गेले आणि नवऱ्याला म्हणाले, "हजेरीच्या सवयीने माझ्या हातून नख कापलं गेलं. नुसत्या बोटाने प्रयत्न करू शकतो. तुम्ही नाही म्हणालात तरी माझी हरकत नाही." मी दारात उभी होते. कात्री माझ्या एप्रनच्या खिशात होती.

नवऱ्याने बायकोला विचारलं. ती म्हणाली, "करा. एकदा सरळ आडवं होऊन झोपायचंय मला."

ती टेबलावर आडवी झाली ती भुलीच्या औषधाने. बोट आत गेलं. झडप दगडासारखी होती. डॉक्टरांनी तीनदा जोर लावला, बोट घसरत राहिलं. चौथ्या वेळी कड उकलली नाही, हृदयाची भिंत फाटली. बाराच्या आधी सगळं संपलं.

नख असतं तर ती वाचली असती का? मी पुढे अशा शेकडो शस्त्रक्रिया पाहिल्या, तरी मला सांगता येत नाही. डॉक्टरांना मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

चौकशी बसली. डॉक्टरांनी लिहून दिलं, की नख मीच कापलं. शेरा आला, निष्काळजीपणा. त्यामुळे विभागप्रमुखपद अकरा वर्षं त्यांच्या ज्युनिअरकडे राहिलं. इथल्या जुन्या मंडळींना त्यांची चेष्टा आठवत असेल, मागून बोटांची कात्री करून दाखवायचे. मीही त्या घोळक्यात उभी असायची आणि गप्प राहायची. एकदा मी त्यांच्यापुढे रडले, सगळ्यांना सांगून टाकते म्हटलं. ते म्हणाले, "हात मी पुढे केला होता. तू तुझं काम केलंस. जा, ड्रेसिंग खोळंबलीत." म्हणून माझी नोकरी राहिली, म्हणून मी मेट्रन झाले, आणि म्हणूनच आज या माईकपुढे उभी आहे.

मानपत्र ज्यांनी लिहिलं त्यांना विनंती, की पहिली तारीख घाला, आणि नख मी कापलं हेही घाला. सभ्य भाषेत लिहिता येत नसेल तर माझ्या भाषेत लिहा.

मागच्या आठवड्यात मी त्या खिळे जुळवणाऱ्या दादांकडे गेले. वय झालंय, पण कान शाबूत आहेत. सगळं सांगितलं. त्यांनी मला बोल लावला नाही. मग म्हणाले, "छत्तीस वर्षं तो माणूस समोरून आला की मी रस्ता ओलांडला. पोरीलाही तेच शिकवलं. आता हे मी कसं फेडू, बाई?" मी फक्त आजच्या कार्यक्रमाची वेळ सांगितली.

अध्यक्ष महोदय, वेळेची मर्यादा मी मोडली. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही उणं-अधिक झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. त्या सकाळबद्दल मात्र ही विनंती मी करत नाही.

आता मानपत्र द्यायचं आहे. ते दोन मिनिटं थांबवावं. शेवटच्या रांगेत दादा उठून उभे राहिले आहेत, मुलीने हात धरलाय. त्यांना पुढे येऊ द्या. मधल्या मंडळींनी कृपया खुर्च्या सरकवून वाट द्यावी.